बंब, गीझर आणि टिपणिसांचा आंबा

मार्तंडराव टिपणीस बोलण्यात फार जपून वागणारे गृहस्थ. विमा कंपनीच्या ऑफिसात सेक्शन हेड झाल्यापासून 'हो' म्हणायचं असलं तरी 'बघू' म्हणायचं, ही शिस्त त्यांनी अंगी बाणवली होती. घरीसुद्धा आमटीत मीठ बरोबर आहे का, या प्रश्नाला ते 'तसं वाटतंय खरं' असं उत्तर देत. त्यामुळे अंधेरीला व्याह्यांच्या घरी, लेकीच्या, उत्तराच्या डोहाळजेवणाच्या पंक्तीत ते जे बोलून गेले, ते त्यांचं त्यांनाही नंतर कितीतरी दिवस खरं वाटेना.

झालं असं की व्याही माणिकराव गुप्ते यांनी जिलब्यांच्या दुसऱ्या वाढीला विषय काढला. माणिकराव यंत्रं बनवणाऱ्या कंपनीतून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. घरातल्या फ्रीजबद्दल, मिक्सरबद्दल, अगदी दाराच्या बेलबद्दलसुद्धा ते अशा आवाजात बोलत, की ऐकणाऱ्याला वाटावं या सगळ्याचा शोध यांनीच लावला आणि नाव मात्र दुसऱ्याचं झालं.

"पहिलं बाळंतपण माहेरी, ही पद्धत मला मान्य आहे," माणिकराव म्हणाले. "पण पद्धत कशासाठी असते, टिपणीस? सोयीसाठी. बाळंतिणीला आणि बाळाला सव्वा महिना रोज कढत पाणी लागणार, तेही ऐन थंडीत. आमच्याकडे गीझर आहे. नळ फिरवला की पाणी. उत्तराचं बाळंतपण इथेच होऊ दे. तुमच्याकडे पाण्याची सोय काय?"

मुलुंडला टिपणिसांकडे गॅसचा एकच सिलिंडर होता, आणि दुसऱ्यासाठी नंबर लावलेला होता. बिल्डिंगचं वायरिंग असं, की तळमजल्यावर इस्त्री आणि पहिल्या मजल्यावर मिक्सर एकदम लागला तर जिन्यात अंधार होई. तिथे गीझरचं नाव काढायची सोय नव्हती. मार्तंडराव 'बघू' म्हणणारच होते. पण समोर फुलांच्या वाडीत बसलेल्या उत्तराने त्यांच्याकडे बघितलं. तिला माहेरी यायचं होतं. आणि पलीकडे तिच्या आईचा, मृणालिनीबाईंचा हात जिलबीवरच थांबला होता. दुपटी शिवून ठेवलेली, न्हाऊ घालायला द्रौपदीबाईंना सांगून ठेवलेलं, अळीव कुठून आणायचे तेही ठरलेलं. बाईंचा चेहरा बघून मार्तंडराव 'बघू' म्हणायचं विसरले.

"आमच्याकडे बंब आहे," ते म्हणाले. "तांब्याचा. सव्वा महिना विझणार नाही."

"आणि लाकडं?"

"घरची आहेत."

माणिकरावांनी जिलबी संपवली, बोटं पुसली आणि निकाल दिला. "ठीक. दिवाळी झाली की मी स्वतः सुनेला घेऊन येतो. लाकडं रचलेली दिसली तर तिला ठेवून जातो. नाही दिसली तर तशीच परत आणतो. मग तुम्ही दोघंच या अंधेरीला. जागा आहे, गीझर आहे."

हे त्यांनी प्रेमानेच म्हटलं होतं. म्हणून तर ते जास्त लागलं.

'घरची लाकडं' म्हणजे मार्तंडरावांच्या स्वयंपाकघरामागे सोसायटीच्या आवारात उभा असलेला आंबा. तो जिवंत होता तेव्हाही त्याला कधी आंबे लागल्याचं कुणाला आठवत नव्हतं, आणि गेली दोन वर्षं तर तो वाळून खडखडीत झाला होता. वाऱ्याच्या दिवसांत त्याच्या फांद्या मोडून मोरीच्या पत्र्यावर पडत आणि मृणालिनीबाई दचकून जाग्या होत. म्हणजे झाड पाडायचं होतंच, लाकडं लागणारच होती, आणि दोन्ही कामं एकमेकांत छान बसत होती. वखारीतून हातगाडीभर लाकडं आणली असती तर सगळं एका दुपारात उरकलं असतं, हे खरं. पण दारात एवढं झाड वाळलेलं असताना लाकडं विकत आणायची, हे मार्तंडरावांच्या पिढीला पटण्यासारखं नव्हतं. शिवाय ते 'घरची' म्हणून बसले होते.

पहिला अडथळा असा, की मुंबईत मेलेलं झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. मार्तंडराव वॉर्ड ऑफिसात गेले. अर्जात 'झाड वाळण्याचे कारण' असा रकाना होता. त्यांनी 'वार्धक्य' असं लिहिलं. खिडकीतल्या कारकुनाने तो शब्द दोनदा वाचला.

"वय किती झाडाचं?"

"बरंच असेल."

"मग वार्धक्य कशावरून? कुणीतरी वयाबद्दल लिहून द्यायला पाहिजे ना साहेब."

मार्तंडरावांना राग येण्याऐवजी थोडं कौतुकच वाटलं. आपल्या ऑफिसात त्यांनी स्वतः माणसांना यापेक्षा कमी कारणांसाठी परत पाठवलं होतं.

आवारात सगळ्यांत जुन्या रहिवासी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या वनमालाबाई, सोसायटीच्या चिटणीस. इथे बिल्डिंग नव्हती, बैठी चाळ होती, तेव्हा त्या लग्न होऊन आल्या होत्या. आंब्याबद्दल लिहून द्यायला त्या आनंदाने तयार झाल्या. "मी आले तेव्हा हे झाड असंच होतं, एवढंच," असं त्यांनी लगेच लिहिलंही. पण 'मी आले' म्हणजे कोणत्या साली, ते मात्र त्या लिहीनात. मार्तंडरावांनी विचारून बघितलं, मृणालिनीबाईंनी विचारून बघितलं. शेवटी वनमालाबाईंनी कागदावर एक ओळ वाढवली, 'हे झाड माझ्यापेक्षा नक्कीच मोठे आहे', आणि खाली झोकात सही केली. कारकुनाला तो पुरावा चालला. मग एक साहेब येऊन झाडाला नखाने खरवडून गेले, आणि दसऱ्याच्या आधी परवानगी हातात पडली. पाडलेल्या एका झाडाऐवजी दोन नवीन लावायची, एवढी अट होती.

परवानगी आली म्हटल्यावर सोसायटीला त्या आंब्याचं प्रेम आलं. आंब्याच्या समिधा होमाला लागतात, तेव्हा बारक्या फांद्या आपल्याला मिळाव्यात, असं वनमालाबाईंनी सुचवलं. तिसऱ्या मजल्यावरून पाटासाठी फळीची मागणी आली. मार्तंडराव सगळ्यांना 'बघू' म्हणाले आणि वखारवाल्याला बोलवायला निघाले. वखारवाला झाडाभोवती हिंडला, बुंध्यावर थाप मारली आणि म्हणाला, "तोडतो फुकट. बुंधा माझा, फांद्या तुमच्या." म्हणजे बंबाची मलई तो नेणार आणि टिपणिसांना काटक्या राहणार. मार्तंडरावांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

इथे दत्ताराम सावंत पुढे सरसावले. दत्ताराम शेजारच्याच ब्लॉकमधले. उभं आयुष्य गिरणीत काढलं, आणि गिरणी थंडावल्यावर त्यांनी स्कूटरच्या सुट्या भागांचं छोटं दुकान टाकलं. तेव्हापासून जगातल्या कुठल्याही बिघाडाकडे ते स्कूटर समजूनच बघत. मृणालिनीबाईंचं गुडघ्याचं दुखणं ऐकूनही त्यांनी मान हलवून 'बुश गेला' असं सांगितलं होतं.

"टिपणीसांनु, कुराड नको नि वखारवालो नको," ते म्हणाले. "मशीन घेवा. पेट्रोलवर चलता ती करवत, चेनसॉ. माझो मेव्हणो लवू दहिसराक लाकडाच्या वखारीत तीच चलयता. पानी पिईसर झाड आडवा."

चेनसॉ हा शब्द मार्तंडरावांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, आणि आठवड्याभरात ते त्यावर अधिकाराने बोलू लागले. कुठलीही वस्तू घ्यायची तर ती पारखून घ्यायची, ही त्यांची रीत. मिक्सर घेताना त्यांनी पाच घरची चटणी खाऊन बघितली होती. ऑफिस सुटल्यावर ते नागदेवी स्ट्रीटला दुकानं पालथी घालू लागले. विजेवर चालणारी करवत त्यांनी वायरिंगच्या नावाने आधीच बाद केली. बाहेरून आलेल्या नव्या कोऱ्या पेट्रोलच्या करवतीची किंमत ऐकून ते दुकानदाराला 'बघू' म्हणाले आणि त्या गल्लीतून पुन्हा गेले नाहीत. घरी सल्ल्यांना तोटा नव्हता. मशीन जड असेल तर ती भरवशाची, असं दत्तारामांचं मत. पात्याची लांबी झाडाच्या जाडीपेक्षा थोडी जास्त बघून घ्या, असं ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, आणि हा एकच सल्ला खरा होता म्हणून त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. वनमालाबाई म्हणाल्या की रंग लाल असावा, लाल वस्तू चटकन सापडते.

"वस्तू भरवशाची आहे हे वापरणाऱ्याला विचारल्याशिवाय कळत नाही," असा मार्तंडरावांचा सिद्धान्त. आख्ख्या मुलुंडमध्ये वापरणारा सापडेना, तेव्हा एका रविवारी ते दत्तारामांबरोबर दहिसरला नदीपलीकडच्या वखारीत गेले.

तिथे लवूने मशीन सुरू केली, आणि माणूस म्हणून मार्तंडराव बदलले. मांडीएवढं जाड लाकूड, बोलता बोलता दोन तुकडे. भुश्श्याचा फवारा त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर उडाला तरी ते मागे सरेनात. वखारमालकाने नवीन मशीन मागवली होती, ही जुनी द्यायची होती. रंगाने नारिंगी, वजनाने बऱ्यापैकी, आणि लवू म्हणाला की गेल्या चार पावसाळ्यांत हिने एकदाही दगा दिलेला नाही. सौदा उभ्या उभ्या झाला.

मग लवूने ती कशी वापरायची ते नीट समजावून दिलं. पेट्रोलमध्ये ऑईल किती घालायचं, साखळीला तेल कुठून द्यायचं, पात्याच्या टोकाने का कापायचं नाही, बंद कशी करायची, सगळं. फक्त हे सगळं त्याने मशीन चालू ठेवून सांगितलं. मार्तंडरावांना लवूचे ओठ हलताना दिसत होते. ते प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते, आणि दत्ताराम त्यांच्याहून जोरात डोलवत होते. एकदा लवूने अंगठ्याने काहीतरी केलं आणि मशीन थांबली, पण तोवर शिकवणी संपली होती.

"समाजला मां?" लवूने विचारलं.

"चांगलंच," मार्तंडराव म्हणाले. दुसऱ्याच दिवशी लवू गावी निघून गेला. देवदिवाळी झाल्याशिवाय तो परत यायचा नव्हता.

मशीन जुन्या चादरीत गुंडाळून, दोघांनी दोन बाजूंनी धरून घरी आणली. बसच्या कंडक्टरने चादरीकडे बघून हळू आवाजात विचारलं, "दवाखान्यात नेताय का?" दत्ताराम म्हणाले, "नाय, घरी आनतंव," आणि कंडक्टरने त्यांना पुढची सीट मोकळी करून दिली.

घरात मात्र मशीनला लगेच हात लावता आला नाही. "दोन दिवसांवर खंडेनवमी आलीय," मृणालिनीबाई म्हणाल्या. "हत्यार आहे ते. पूजा झाल्याशिवाय चालवायचं नाही. माझ्या लेकीच्या बाळंतपणाची लाकडं तोडायची आहेत त्याने." यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. दरवर्षी टिपणिसांच्या पाटावर विळी, अडकित्ता, कात्री आणि मार्तंडरावांचं फाउंटन पेन असे. या वर्षी पाट लहान पडला. मधोमध चेनसॉ आणि भोवती बाकीची मंडळी बसली. मृणालिनीबाईंनी पूजा मनापासून केली. हळद वाहिली, ओलं कुंकू लावलं, आणि मशीन मोठी म्हणून कुंकूही हात सैल सोडून लावलं. वर अक्षता टाकल्या. झेंडूची माळ पात्यावरून फिरवली.

दत्तारामांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या टिपणीसांच्या घराक नवा हत्यार इला हा. त्येका येश दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"ह्या कामात जो कोण आडो येयत, त्येचा तोंड बंद कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

पुढच्या महिन्याभरात जे घडलं ते बघता, महाराजांनी हे गाऱ्हाणं ऐकलं, पण तोंड बंद केलं ते मशीनचं, असं वनमालाबाईंचं म्हणणं पडलं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी मशीन आंब्याखाली आणली. टीव्ही बंद करून लोक गॅलऱ्यांत आले, काहींनी तर खाली खुर्च्या मांडल्या. मार्तंडरावांनी डोक्याला मफलर बांधला, डोळ्यांना दत्तारामांचा स्कूटरचा गॉगल लावला आणि दोरी ओढली. काही झालं नाही. पुन्हा ओढली. दहा-पंधरा वेळा ओढल्यावर तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी "पेट्रोल आहे का?" असं विचारलं, आणि हा प्रश्न त्या दिवसभरात आवारातल्या प्रत्येकाने एकेकदा विचारला.

"आडवी करा," दत्ताराम म्हणाले. स्कूटर सुरू होत नसली की ती एका बाजूला कलंडवायची, हे त्यांचं पहिलं औषध. दोघांनी मशीन डावीकडे कलंडवली, मग उजवीकडे. त्यातून पेट्रोल गळून मार्तंडरावांच्या पायजम्यावर सांडलं, आणि त्यानंतर त्यांच्या जवळ कुणाला विडी पेटवू देईनात. मग प्लग काढला. प्लग मृणालिनीबाईंच्या तव्यावर, पोळ्या उतरवून, खरपूस भाजला. दत्तारामांनी तो पकडीत धरला, दोरी ओढायला लावली आणि म्हणाले, "करंट येना नाय." दुकानातून नवीन प्लग आणला, त्यालाही करंट येईना. दुपारी लोक जेवायला गेले. जाताना खुर्च्या मात्र तिथेच ठेवून गेले, हे मार्तंडरावांना सगळ्यांत झोंबलं.

पुढच्या रविवारी मृणालिनीबाईंनी, काहीतरी राहून गेलं असेल म्हणून, मशीनला पुन्हा हळदकुंकू लावलं. मशीन सुरू झाली नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी लावलं, आणि नारळही फोडला. पाणी अंगावर उडालं तरी मशीन ढिम्म. धनत्रयोदशीला तिच्यासमोर दिवा लावला. तोवर ती नारिंगी मशीन एका बाजूने शेंदूर फासलेल्या देवासारखी दिसू लागली होती, आणि येणारा-जाणारा एखादा तिला नमस्कारही करी. दरवेळी दोरी ओढून मार्तंडरावांचा उजवा खांदा भरून येई. ऑफिसात सही वाकडीतिकडी उमटे. हाताखालचे लोक हळहळत, आणि ते कारण सांगू शकत नसत.

दिवाळी उरकली. भाऊबीजेनंतरच्या रविवारी माणिकराव येणार होते. शनिवारी संध्याकाळी मार्तंडराव आंब्याखाली एकटेच बसले होते. तिथे दत्ताराम आले.

"टिपणीसांनु, एक सांगू? वखारीतसून गाडीभर लाकडा आनुया. भाड्यान. मागच्या भिंतीक रचून ठेवया. व्याही बघतले, खूश होतले, जातले. सोमवारी गाडी परत."

"ते खोटं होईल हो."

"खोटा कशाक? लाकडा खरी आसत."

मार्तंडराव आयुष्यात कधी असं वागले नव्हते. पण उत्तराची खोली आवरून झाली होती. पाळण्याच्या कड्या पुसून तेल घालून ठेवल्या होत्या, आणि मृणालिनीबाई दिवसातून एकदा तरी त्या खोलीत काही काम नसताना जाऊन येत. ते 'बघू' म्हणाले. दत्तारामांनी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला.

रविवारी सकाळी टॅक्सी आली. माणिकराव उतरले, मागून हळूहळू उत्तरा उतरली, आणि तिच्या हातात बॅग होती. ती बॅग बघून मृणालिनीबाईंचे डोळे भरले. चहा झाला. मग माणिकराव उठून मागच्या अंगणात गेले. भिंतीला लाकडांची सुरेख चळत लावलेली होती. ते जवळ गेले, एक ओंडका उचलला, वास घेतला, खाली ठेवला.

"छान," ते म्हणाले. "सुकी आहेत. याच झाडाची ना?"

"हो," मार्तंडराव म्हणाले.

माणिकरावांनी मान वर केली. मार्तंडरावांनीही केली. मागे उभ्या दत्तारामांनी कपाळाला हात लावला. आंबा सगळ्या फांद्यांसकट जिथल्या तिथे उभा होता. इतक्या दिवसांच्या धांदलीत, लाकडं दाखवायची तर झाड दिसता कामा नये, ही गोष्ट कुणाच्याही डोक्यात आली नव्हती.

"टिपणीस," माणिकराव शांतपणे म्हणाले, "लाकडं आली, पण झाड गेलं नाही."

मार्तंडरावांना कितीतरी सबबी सुचल्या, आणि एकही बोलवेना. "माणिकराव, लाकडं भाड्याची आहेत," ते म्हणाले. "मशीन आणली, ती चालत नाही. महिनाभर दोरी ओढतोय. मी तुमच्यासमोर शब्द दिला आणि मला तो पाळता आला नाही. पण पोरीला परत नेऊ नका. मी वखारीतून विकत आणीन, रोज आणीन. तिच्या आईने फार वाट बघितलीय हो. मीसुद्धा."

बोलून झाल्यावर त्यांनी गॉगल काढल्यासारखा चष्मा काढला आणि पुसत बसले. माणिकरावांची नजर आंब्याखालच्या कुंकवाच्या ढिगाऱ्यावर गेली होती.

"ही मशीन?" त्यांनी विचारलं. "चालत नाही म्हणजे काय? मशीन आहे, चाललीच पाहिजे."

त्यांनी कोट काढून मृणालिनीबाईंच्या हातात दिला, बाह्या वर केल्या आणि दोरी ओढली. अर्ध्या तासाने दोन्ही व्याही शेजारी शेजारी उकिडवे बसलेले होते, दोघांचेही शर्ट काळे झाले होते, आणि तव्यावर पुन्हा प्लग भाजत होता. माणिकरावांनी तीन वेळा निदान बदललं. चौथ्यांदा दत्तारामांनी "आडवी करून बघया?" असं विचारल्यावर ते "करा" म्हणाले, तेव्हा मार्तंडरावांना त्या माणसाबद्दल पहिल्यांदाच माया वाटली. गॅलऱ्या भरल्या होत्या. वनमालाबाईंनी वरून पेट्रोल आहे का ते विचारलं.

उत्तरा दाराशी खुर्चीत बसून हे बघत होती. शेवटी तिला राहवेना. "आई, तू अजून हे कुंकू काढलंच नाहीस?"

"कसं काढू गं? चालू झाल्याशिवाय..."

"लोखंडावर ओलं कुंकू ठेवलं तर गंजतं. दरवर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी विळी-अडकित्ता मला घासायला लावायचीस ना? मी घरात नाही म्हटल्यावर कुणी हात लावला नाही वाटतं." ती हळूच उठली, मोरीतून ओलं फडकं आणि चिंचेचा कोळ घेऊन आली आणि दोन बापांच्या मधे स्टूल ओढून बसली. लहानपणापासून हे तिचंच काम. कुंकवाचे थर निघू लागले. महिनाभराचं ते, वर नारळाचं पाणी पिऊन खडा झालेलं. मुठीच्या बाजूला बराच वेळ घासल्यावर एक लहानसं काळं बटण दिसू लागलं, आणि त्याच्या खाचेत अक्षतेचा एक दाणा पक्का रुतलेला. तिने अंबाड्याची पिन काढून तो दाणा उडवला आणि अंगठ्याने बटण पलीकडे सरकवलं.

"बाबा, हे बंदवर होतं."

लवूचा अंगठा मार्तंडरावांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. दत्ताराम आकाशाकडे बघू लागले. माणिकराव, ज्यांनी आयुष्यभर यंत्रं बनवली होती, ते म्हणाले, "बटण मी पहिल्यांदा बघायला हवं होतं," आणि हे वाक्य त्यांच्या घरच्यांनी त्यांच्या तोंडून पूर्वी कधी ऐकलेलं नव्हतं.

"तू आत जा," मार्तंडराव उत्तराला म्हणाले. ती दारात गेल्यावर त्यांनी दोरी ओढली. पहिल्याच ओढीला मशीन अशी गरजली, की वनमालाबाईंच्या हातातून तांब्या सुटला आणि खालच्या खुर्च्या एका क्षणात रिकाम्या झाल्या.

झाड पाडणं माणिकरावांनी आपल्याकडे घेतलं. त्यांनी खडूने बुंध्यावर खुणा केल्या. ज्या बाजूला पाडायचं तिकडे आधी खाच, मग मागून काप. मग दोर बांधून आख्ख्या सोसायटीला लांब उभं केलं. आज काहीतरी नक्की मोडणार, अशी सगळ्यांची इतकी तयारी होती, की आंबा कुरकुरत, सावकाश, बरोबर आखलेल्या जागेवर आडवा झाला तेव्हा कुणाला टाळ्या वाजवायचंच सुचलं नाही. फक्त शेवटच्या फांदीत वाळत घालायची दोरी अडकली आणि वनमालाबाईंचं इरकली लुगडं आंब्यावर पसरलं. त्यांनी ते समिधांच्या बदल्यात माफ केलं.

संध्याकाळी माणिकरावांनी कोट घातला. टॅक्सी बोलावली. उत्तराची बॅग आतल्या खोलीत होती, आणि ती उचलायचं त्यांनी नाव काढलं नाही. जाताना भिंतीपाशी थांबून म्हणाले, "टिपणीस, या भाड्याच्या लाकडांवर आपली रचू नका. मोजायला गडबड होईल. मी पुढच्या रविवारी येतो, मोठे ओंडके राहिलेत."

मार्गशीर्षात उत्तराला मुलगी झाली. बंब पहाटे पेटू लागला. द्रौपदीबाई आंघोळीला बसवताना म्हणत की आंब्याच्या लाकडाचं पाणी अंगाला वेगळंच लागतं. ते कसं वेगळं ते त्यांना सांगता येत नसे, पण नात त्या पाण्यात रडायची थांबत असे हे सगळ्यांनी बघितलं होतं. परवानगीच्या अटीप्रमाणे दोन रोपं लावली. त्यातलं एक पायरीचं, आणि त्याला लहान मुलाने उपटू नये म्हणून बाभळीचं कुंपण केलं, जरी ते मूल अजून पाळण्यातच होतं. चेनसॉला आता मृणालिनीबाई फक्त मुठीवर एक टिकली लावतात, आणि तीही कोरड्या कुंकवाची.

अंधेरीचा गीझर मात्र त्या थंडीत दर रविवारी बिघडू लागला. माणिकराव सकाळीच टॉवेल घेऊन हजर होत, दोन ओंडके कापत, बंबाच्या पाण्याने बराच वेळ आंघोळ करत, मग नातीला मांडीवर घेऊन बसत. आणि मुलुंडला येऊन कापायचं राहिलं असं होऊ नये म्हणून कापतच राहिले. सव्वा महिना संपला, उत्तराची निघायची वेळ झाली, तरी मागच्या भिंतीला लाकडं खिडकीच्या चौकटीला टेकली होती.

दोन्ही आजोबा त्या ढिगासमोर हात पाठीमागे बांधून उभे होते.

"अजून दोन बाळंतपणं सहज निघतील," माणिकराव समाधानाने म्हणाले.

"तसं वाटतंय खरं," मार्तंडराव म्हणाले.

बॅग भरता भरता उत्तराने खिडकीतून मान बाहेर काढली. "बाबा, गीझरवाले बाबा, दोघांनाही सांगते. लाकडं उरली तर वाटून टाका. ती संपवायची जबाबदारी माझ्यावर टाकू नका."